एकशे अठरा मिलिमीटर

३ फेब्रुवारी

चि. शास्त्रज्ञांस,

आशीर्वाद, पण बेताचे.

फोन करत नाही, कारण फोनवर तू मध्येच "ताई, ऐक ना" म्हणतोस आणि मग मला ऐकावं लागतं. पत्रात ती भानगड नाही.

काल नगरपालिकेचा माणूस शाळेत एक नकाशा देऊन गेला. नदीकाठ तांबडा रंगवलाय आणि तांबड्याच्या बरोब्बर मधोमध माझी शाळा. खाली बारीक अक्षरांत तुझ्या हवामान संस्थेचं नाव आणि तुझी सही. सही लगेच ओळखली. प्रगतिपुस्तकावर आबांची सही ठोकायचास तेव्हापासून तिला तीच एक झोकदार शेपटी आहे.

नकाशा म्हणतो, अजून पंचवीस वर्षांनी या गावात एका दिवसात दोनशे तीस मिलिमीटर पाऊस पडेल. एकशे साठच्या वर गेला की शाळेत पाणी शिरतं. म्हणून शाळा आत्ताच बंद करा आणि एकशे चौऱ्याऐंशी मुलं पुलापलीकडच्या दोन शाळांत वाटून द्या. अर्धी इकडे, अर्धी तिकडे, जुन्या कपड्यांसारखी. सात शिक्षकांचं काय, ते नकाशात नाही. मुख्याध्यापिकेचं काय, तेही नाही. माणसं दाखवायला रंग उरला नसेल.

तुझं यंत्र कधी या गावात आलं होतं का? तू तरी अकरा वर्षांत कितीदा आलास? आबा गेले तेव्हा तू कुठल्याशा परिषदेत जग कसं तापत चाललंय ते सांगत होतास. इकडे ते गार पडत चालले होते, ते आम्ही बघितलं.

शाळेच्या मागच्या अंगणात आबांनी चौतीस वर्षं रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजला. विज्ञान शिकवायचा पगार मिळायचा, पाऊस मोजायचा नाही. तुझ्या अहवालात त्यांचा एक आकडा नाही. बाप पाऊस मोजून गेला आणि मुलगा यंत्राला विचारतोय, काय हो, पाऊस किती पडतो?

अहवाल बदल. विनंती समजू नकोस.

तुझी,
ताई


११ फेब्रुवारी

ती. ताईस,

साष्टांग नाही, साधाच नमस्कार.

तुला समजेल असं सांगतो, म्हणजे तू चौथीच्या वर्गाला सांगतेस तसं. अख्ख्या जगाचं हवामान संगणकावर मांडणारी जी प्रारूपं असतात, तुझ्या भाषेत यंत्रं, त्यांच्या चौकटी दीडदोनशे किलोमीटरच्या. अशा एका चौकटीत आपलं गाव, शेजारची गावं, टेकडी आणि समुद्राचा एक तुकडा, सगळ्यांना मिळून एकच पाऊस. त्यावरून कोणाची शाळा बंद करायला मी वेडा नाही. प्रादेशिक प्रारूप त्याच्या आत बारा-बारा किलोमीटरच्या चौकटी पाडतं. मग टेकडी टेकडीसारखी दिसते, नदी नदीसारखी. गावाच्या वाट्याला सव्वा चौकट आली आहे. तुझ्या शाळेला वेगळी मिळणार नाही, रागावलीस तरी.

अशा बारा प्रारूपांचा डेटा मी घेतला. बारांचं आपसांत पटत नाही, लग्नाला जमलेल्या नातेवाइकांसारखं. तरी मोठा पाऊस वाढणार यावर अकरांचं एकमत आहे. आपल्या घरात दोघांचं कधी झालं नाही.

आता तुझा मुद्दा. प्रारूप थोडं जास्त बोलतं किंवा थोडं कमी. म्हणून आम्ही आधी त्याच्याकडून होऊन गेलेली वर्षं वदवून घेतो आणि शेजारी त्या वर्षांची खरी मोजमापं ठेवतो. जितकी बढाई सापडेल तितकी भविष्यातून कापतो. याला दुरुस्ती म्हणतात. आपल्या गावाची दुरुस्ती झालेली नाही, कारण सगळ्यांत जवळचं मोजणी केंद्र साठ किलोमीटरवर आहे. म्हणून नकाशाच्या डोक्यावर "प्राथमिक" असं छापलंय. तू ते वाचलं नसशील. तुझी नजर थेट स्वतःच्या शाळेवर.

राहिल्या आबांच्या नोंदवह्या. त्या ट्रंकेसकट कोणी उचलून नेल्या? मी दोनदा मागितल्या. पहिल्यांदा तू उत्तर दिलं नाहीस, दुसऱ्यांदा ट्रंकेची किल्ली हरवली म्हणालीस. पाठव. त्यांत जे असेल ते मी वापरेन, तुझ्या बाजूचं असो वा विरुद्ध.

आणि मुलांच्या आडून बोलू नकोस. मुलं पूल ओलांडून जातील. खुर्चीला पूल ओलांडता येत नाही, ही तुझी खरी अडचण आहे.

तुझा,
धाकटा


१९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

किल्ली सापडली. चौतीस वह्या, दोन खोक्यांत, कुरियरने पाठवल्या आहेत. मिळाल्याची पोच दे, सहीनिशी, तुझ्या स्वतःच्या.

हात धुऊन उघड. चहाचा कप शेजारी ठेवू नकोस. नववीतल्या माझ्या भूगोलाच्या वहीचं तू काय केलंस ते मी विसरलेले नाही.

आबांनी लिहिलंय ते तसंच घे. तू फार डोकं चालवतोस आणि मग बाकीच्यांना निस्तरावं लागतं.

खुर्चीबद्दल तू जे लिहिलंस त्याला उत्तर आहे, पण ते लिहायला कागद चांगला हवा. शाळेच्या कागदावर तसले शब्द शोभत नाहीत.

ताई


२७ एप्रिल

ती. ताईस,

तू जिंकलीस. तुला आनंद होईल म्हणून हे वाक्य आधी लिहिलं. पुढचं वाचलं नाहीस तरी चालेल, एरवीही तू वाचत नाहीस.

दोन महिने आबांच्या वह्या आणि बारा प्रारूपं शेजारी ठेवून बसलो. प्रारूपं म्हणतात, त्या चौतीस वर्षांत गावात एका दिवसात दीडशे, एकशे ऐंशी, एकदा तर दोनशे मिलिमीटर पाऊस व्हायला हवा होता. आबांच्या वहीत एकशे अठराच्या वर एकही आकडा नाही. चौतीस वर्षांत एकदाही नाही. बाराही यंत्रं बढाईखोर निघाली. त्याप्रमाणे कापाकापी केली आणि भविष्यातला दोनशे तीस आला एकशे छत्तीसवर. तुझी शाळा तांबड्याच्या बाहेर. सुधारित नकाशा पालिकेकडे गेला आहे.

एक गंमत आहे. एकशे अठरा हा आकडा वह्यांमध्ये नऊ वेळा येतो. नेमका एकशे अठरा, ना एकशे सतरा ना एकशे एकोणीस. आधी चक्रावलो. मग लक्षात आलं की पश्चिमेची टेकडी ढगांना अडवते आणि त्यामुळे गावावर पडणाऱ्या पावसाला एक नैसर्गिक मर्यादा पडते. अहवालात त्यावर स्वतंत्र परिच्छेद लिहिला आहे. आमचे प्रमुख म्हणाले, नवीन विचार आहे. ते सहसा असं म्हणत नाहीत. मला तर सात वर्षांत पहिल्यांदाच म्हणाले.

हवामान कार्यालय आबांच्या नावाची पाटी लावणार आहे. एकही दिवस न चुकवता चौतीस वर्षं. घरातल्या कोणीतरी त्यांच्या कामाची कदर केली याची नोंद तुझ्याकडे असू दे.

तुझा,
धाकटा


२ जून

धाकट्या,

पाच आठवडे लिहिलं नाही. तुला वाटलं असेल, जिंकल्यावर ताईला शब्द सुचत नाहीत. सुचत होते, पाठवायची हिंमत नव्हती.

तुझा सुधारित नकाशा आल्यावर शाळेचं हलणं रद्द झालं. इथवर ठीक होतं. मी पेढ्यासारखं तोंड करून फिरत होते. मग नगराध्यक्षांनी सभा घेतली. लांबच्या वस्त्यांवरच्या मुलींसाठी वसतिगृह हवं म्हणून मी नऊ वर्षं अर्ज करत होते. ते मंजूर झालं, शाळेच्याच आवारात, नदीच्या अंगाला, तळमजल्यावर, चाळीस खाटा. नगराध्यक्ष माईकवरून म्हणाले, "या जागेला आता विज्ञानाची हमी आहे." मी शेजारी बसून टाळ्या वाजवल्या.

परवा कंत्राटदाराने जमिनीवर चुन्याने खाटा आखल्या. मी त्यांच्यामधून चालले. चाळीस मोजल्या. मोजायचं वळण आबांचंच.

आता नीट ऐक. तुझ्या टेकडीत काही नाही. तुझी मर्यादा म्हणजे एक बाटली आहे.

तू सहा वर्षांचा होतास. बेडकाची पिल्लं ठेवायला तू पर्जन्यमापकाच्या डब्यातली चार लिटरची बाटली काढलीस आणि पायरीवर फोडलीस. नोंदी सुरू होऊन दुसरंच वर्ष होतं. डबा हवामान कार्यालयाने दिलेला, म्हणून आबांनी नव्या बाटलीसाठी त्यांना तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं की वस्तू फुटल्याचा अर्ज वेगळ्या नमुन्यात करावा. तो नमुना कधी आला नाही. मग त्यांनी प्रयोगशाळेच्या कपाटातली आम्लाची रिकामी बाटली धुऊन डब्यात बसवली. ती लहान होती. गळ्यापर्यंत भरली की मापात एकशे अठरा येतात. त्यावरचं पाणी डब्यात सांडायचं, आणि डबा बुडाशी गंजलेला. जमिनीने किती प्यायलं ते कोण सांगणार?

अधूनमधून बाटली रिकामी करत राहिले असते तर भागलं असतं. पण नियमात साडेआठ म्हणजे साडेआठ. मी एकदा म्हटलं, आबा, हे निदान दोनशे तरी असेल, तसं लिहा. ते म्हणाले, "जे मोजलं नाही ते लिहायचं नाही." म्हणून त्यांनी मोजलेलं तेवढं लिहिलं. इतका खरा माणूस होता की त्याचा आकडा खोटा पडला.

नऊपैकी तीन नोंदी माझ्या हातच्या आहेत. त्यांना ताप असला की मी लिहायची, त्यांच्यासारखं अक्षर काढून. सह्यांचा उद्योग तुझ्या एकट्याचा नव्हता.

हे मला फेब्रुवारीत माहीत होतं. वह्या खोक्यात भरतानाही माहीत होतं. शाळा वाचेल म्हणून पाठवल्या. पाणी येईल ते दिवसा येईल आणि मुलं माडीवर पळतील, असं मनाशी म्हणत होते. खाटांवर झोपलेल्या मुलींना ते लागू पडत नाही.

अहवाल पुन्हा बदल. या वेळी विनंती आहे.

ताई


९ जून

ती. ताईस,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं की तू चेष्टा करतेस. मग आठवलं की तुला येत नाही.

मागच्या आठवड्यात परिषदेत मी टेकडीचा परिच्छेद वाचून दाखवला. दोनशे माणसं होती. आमच्या क्षेत्रातल्या एका ज्येष्ठ बाईंनी उठून त्याला "एकशे अठराचं छत" असं नाव दिलं आणि आता सगळे तेच म्हणतात. आणि तू मला सांगतेस की ते छत म्हणजे आम्लाची बाटली.

मला वाटतं ते स्पष्ट लिहितो. आबांचा सन्मान होतोय आणि तो माझ्या हातून होतोय, हे तुझ्या डोळ्यांत सलतंय. आयुष्यभर त्यांच्या शेजारी तू उभी होतीस, मग पाटी लावणारा मी कोण? म्हणून पाटी लागायच्या आत नोंदच खोटी ठरवायची. वर बाटलीही मीच फोडली. घरात जे जे फुटलं ते मीच फोडलं, हे ऐकत मी मोठा झालो. एक बाटली आणखी.

मला बाटली फोडल्याचं आठवत नाही. बेडकांचं आठवतं.

अहवालावर तीन जणांच्या सह्या आहेत. बहिणीचं पत्र आलं म्हणून तो मागे घेता येत नाही. पुरावा असेल तर पाठव. नसेल तर दोन वर्षांनी निवृत्त हो आणि त्यानंतर मला लिही.

धाकटा


१४ जून

पुरावा सोबत आहे. गवतात गुंडाळून, लाकडी खोक्यात. ट्रंकेच्या तळाशी होता. मानेवर आबांनी दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी आहे, अक्षर तुझ्या ओळखीचं. कधी बसवली ती तारीख लिहिली आहे.

नरसाळ्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ दोनशे चौरस सेंटिमीटर. बाटली काठोकाठ भर, पाणी मोज, दोनशेने भाग. सातवीचं गणित आहे. माझी मुलं करतात.

ताई


१ जुलै

ताई,

दोन हजार तीनशे साठ घनसेंटिमीटर. अकरा पूर्णांक आठ सेंटिमीटर. तीनदा मोजलं. मग बाजूच्या खोलीतल्या सहकाऱ्याला काही न सांगता मोजायला लावलं. त्यालाही तेच आलं. कसली बाटली आहे, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, घरची.

बारा यंत्रं खरं बोलत होती. मी त्यांना धरून धरून आबांच्या बाटलीत कोंबलं आणि जे बाहेर सांडलं त्याला बढाई म्हटलं. वर त्या बाटलीवर सिद्धान्त लिहिला, लहानपणी शाळेत शिरलेलं पाणी डोळ्यांनी बघितलेलं असूनही.

अहवाल मागे घेतला आहे. पालिकेला काल तसं कळवलं. वसतिगृहाचं काम थांबवायला सांगितलं आहे. प्रमुखांच्या खोलीत पाऊण तास उभा होतो, बस म्हणाले नाहीत. परिषदेतल्या त्या ज्येष्ठ बाईंना मी स्वतः लिहिलं. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं, तुझ्या पत्रांपेक्षा सभ्य आणि जास्त झोंबणारं. पुढच्या तीन वर्षांच्या अभ्यासातून मला काढलं आहे. कार्यालयाने पाटीचं पुढे ढकललंय, म्हणजे काय ते तुला कळेल.

तू फेब्रुवारीत सांगितलं असतंस तर यातलं काही झालं नसतं. चार महिने तुला माहीत होतं आणि तू टाळ्या वाजवत होतीस. माझी चूक मूर्खाची आहे. तुझी समजून उमजून केलेली आहे. हे मी विसरणार नाही आणि तू विसरावंस अशी इच्छाही नाही.

आता कामाचं. मूळचा दोनशे तीस तसाच परत लावता येत नाही, तो दुरुस्तीशिवायचा आहे. त्याहून कमी निघेल किंवा जास्तही. आबांच्या बाकीच्या नोंदी चोख आहेत, मी तपासल्या. फक्त त्या नऊ दिवसांचा खरा पाऊस हवा. तो मोजलेला नाही, पण पाणी कुठवर चढलं ते कळलं तर आमचे नदीवाले उलटा हिशोब मांडून पाऊस काढतात. त्या नऊ सकाळी अंगणात आबा होते आणि तू होतीस. आबांना विचारता येत नाही.

तारखा सोबत लिहिल्या आहेत. आठवेल ते लिही. अंदाज असेल तिथे अंदाज म्हण. काम व्हायला दोन महिने लागतील.

धाकटा


८ जुलै

धाकट्या,

तुझं पत्र घेऊन दोन दिवस टेप हातात धरून शाळेभोवती फिरले. शिपाई बरोबर होता. बाई, काय मोजताय, म्हणाला. मी म्हटलं, जुनं पाणी. त्याने टेपचं दुसरं टोक धरलं. बाकी गाव हल्ली माझ्याशी बोलत नाही. वसतिगृह थांबल्याचं कळल्यावर वस्तीवरच्या दोन आया शाळेत आल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, बाटलीसकट. एक म्हणाली, "म्हणजे आमच्या पोरी तुम्ही तिथे निजवणार होतात." मी हो म्हटलं.

आता तुझे दिवस. तुझ्या कागदावर नुसत्या तारखा आहेत, इथे मला दिसतं ते लिहिते.

पहिला. पाणी मागच्या दाराच्या दुसऱ्या पायरीला, जमिनीपासून एक्केचाळीस सेंटिमीटर. हे पक्कं, कारण पायरीवर आबांची चप्पल होती आणि ती वाहून गेली.

दुसरा. अंगणात घोटाभर. बाटली भरली होती, पण फार सांडलं नसावं. हा बहुतेक एकशे तीसच्या आतला. अंदाज.

तिसरा माझ्या हातचा. आबा तापात होते. मी साडेआठला गेले तेव्हा डबाच दिसत नव्हता, पाण्याखाली होता. डब्याची उंची तुझ्याकडे असेल. मी पाण्यात हात घालून बाटली काढली. तिच्यात पावसाचं आणि नदीचं पाणी एकच झालेलं. तरी मापात ओतलं आणि एकशे अठरा लिहून आले. आबांनी विचारलं, किती? मी सांगितलं. ते म्हणाले, बरं. त्यांनाही कळलं होतं.

सहावा. याची खूण मिळाली, म्हणून हा सगळ्यांत भरवशाचा. जुन्या प्रयोगशाळेत रंगाखाली भिंतीला पाण्याची रेघ आहे. खरवडून बघितली. फरशीपासून एक्क्याण्णव सेंटिमीटर. त्या दिवशी तू दहा वर्षांचा होतास आणि माडीवर बसून मला वरून सांगत होतास की पाणी वाढतंय. मला दिसत होतं. मी कमरेएवढ्या पाण्यात पुस्तकं वर देत होते आणि तू ती घेत होतास. एकही पाडलं नाहीस, हे लिहायला हवं.

बाकीचे पाच वेगळ्या कागदावर आहेत, मापांसह. त्यांतले दोन मला आठवत नाहीत, तिथे तसं लिहिलंय.

या मापांवरून तुझा आकडा कमी येईल की जास्त, मला कळत नाही. आधी ठरवलं होतं की तो येईपर्यंत थांबायचं. दोन महिने शाळा चालवायची आणि एकशे साठच्या आत आलाच तर राहायचं. तसं काल सकाळपर्यंत ठरलेलं होतं. मग त्या रेघेसमोर पहिलीची मुलं उभी करून बघितली. सगळ्यांत उंच मुलगा रेघेच्या वर जेमतेम खांद्यापासून उरतो. बुटक्यांचं नुसतं डोकं उरतं. हे होऊन गेलेलं पाणी आहे, पुढचं तू सांगशील तेव्हा सांग.

काल दुपारी पालिकेत जाऊन स्थलांतराचा अर्ज दिला. सोमवारपासून मुलं पुलापलीकडे बसतील. कारकुनाने विचारलं, कारण काय लिहू. मी कागद त्याच्या हातून घेतला आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं की या जागेचा पाऊस तेहेतीस वर्षं कमी नोंदला गेला आणि मुख्याध्यापिकेला ते माहीत होतं. त्याने वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, "एवढं लिहायलाच हवं का, बाई?"

मी सही केली.

ताई